टर्की चिली: तयारी आदल्या रात्रीची

झटपट टर्की चिली, म्हणजे टर्की पक्ष्याचा खिमा आणि राजमा घातलेला अमेरिकन रस्सा, पाऊण तासात होते हे खरं, पण राजमा आदल्या रात्री भिजत पडला असेल तरच. म्हणून आधी वाटीभर राजमा भरपूर पाण्यात घाला. उद्या गुरुवारचं पाणी बंद असेल तर शेजारी एक कळशीही भरून ठेवा. फ्रीझरमधला अर्धा किलो खिमा डब्यासकट खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर नको.

टर्कीचा खिमा कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे सहसा नसतो. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला चौकशी करून बघा, नाहीच मिळाला तर चिकनचा चालेल. मांडीचा आणि जाडसर सांगा. दोन्हींत चरबी कमी, तेव्हा तेलाला हात आखडू नका.

आता तिखट. अमेरिकन कृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे आपलं तिखट नव्हे. त्या डबीत मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगॅनोही असतं. पहिल्या खेपेला मी घरच्या संकेश्वरी तिखटाचे तीन मोठे चमचे बेधडक घातले आणि सगळे दहीभातावर जेवले. आता वाटीत आधीच मसाला कालवून ठेवते: दोन चमचे बेडगी तिखट, दीड चमचा जिरेपूड, चमचाभर ओरेगॅनो (पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतातच), चिमूटभर कोको.

सकाळी राजम्याचं भिजवलेलं पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा. दाणा बोटांत सहज चुरडला पाहिजे. कच्चट राजमा पोटाला बाधतो. टोमॅटो त्यात आत्ताच ढकलू नका, आंबटात राजमा शिजायला वेळ घेतो. तोवर दोन कांदे, एक सिमला मिरची, सात-आठ लसूण पाकळ्या चिरून, चार टोमॅटो किसून तयार.

कढई मोठी आणि जाड बुडाची काढा. खिम्याला आधी पाणी सुटतं, रटरट आवाज येतो. तो बदलून चरचर सुरू झाली आणि कडा तपकिरी दिसल्या की मगच खिमा बाजूला काढायचा. त्याच तेलात कांदा-मिरची-लसूण, मग मसाला, टोमॅटो, शेवटी खिमा आणि राजमा, शिजवलेल्या पाण्यासकट.

वरून घालायला चक्का, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. पाव आणायला मात्र चिलीवर झाकण पडल्यावरच कुणाला तरी पिटाळा. तो परत येईपर्यंत ती बेताची घट्ट होते.