उप्सालाच्या गास्कला पहिल्यांदा जाताना

सेमिस्टर सुरू झालं की उप्सालातल्या १३ नेशन्सपैकी कुठलं तरी नव्या सभासदांसाठी गास्क ठेवतंच. नेशन्स ही विद्यार्थ्यांची जुनी मंडळं. नावं स्वीडनच्या प्रांतांची नाहीतर शहरांची, पण सभासद कुठल्याही विद्यार्थ्याला होता येतं. आणि गास्क म्हणजे त्यांची कित्येक तास रंगणारी मेजवानी. "स्वीडिश येत नाही, गाणार काय?" म्हणून टाळू नका. गाण्यांची पुस्तिका हातात असते आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत शेजाऱ्याचेही उच्चार बिघडलेले असतात.

आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणायचे, तसंच हे. फरक इतकाच की इथे गाणं संपल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. गाणं झालं की ग्लास उचलून आधी शेजारी बसवलेल्या आपल्या जोडीदाराकडे, मग दुसऱ्या बाजूला, मग समोर बघायचं. प्यायचं, आणि ग्लास ठेवण्याआधी पुन्हा नजर द्यायची. हे शेवटचं आपली मंडळी हमखास विसरतात. मधेच बाथरूमला उठत नाहीत, सुट्टी जाहीर होईपर्यंत थांबायचं. तेव्हा आधीच जाऊन या.

'हेलान गोर' हे पिण्याचं गाणं तेवढं पाठ करा, चार-पाच ओळींचं आहे. पहिला पेला पुरता न घेणाऱ्याला दुसरा मिळणार नाही, असा त्यात दम दिलाय. तो गाण्यापुरताच. पाणी घेऊन गाणारे पुष्कळ असतात. फक्त नाव नोंदवतानाच 'आल्कोहोलफ्रीत' (दारूविना) आणि शाकाहारी असं दोन्ही लिहा. ऐनवेळी सांगून उपयोग नाही. वाटाण्याचं पिवळं सूप आलं तर विचारून घ्या, पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराचं मांस असतं.

निमंत्रणावर 'कवाय' असेल तर साधा सूट पुरे. 'फ्राक' असेल तर टेलकोट भाड्याने आणत बसू नका, त्या जागी आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख रीतसर चालतो. पैठणी, शेरवानी खुशाल काढा. नऊवारी तर उत्तमच, कारण शेवटचं गाणं खुर्चीवर चढून म्हणायचं असतं.

ते शेवटचं गाणं 'ओ गामला क्लांग', मूळ जर्मन, सरलेल्या विद्यार्थिदशेचं. त्यात एका कडव्यात शिक्षक, वकील, धर्मोपदेशक आणि डॉक्टर यांची एकेक ओळ आहे. ज्याची त्याने गायची. इंजिनिअरांना त्या कडव्यात ओळच नाही, म्हणजे आपल्यातले निम्मे गप्प. गाणं संपल्यावर पुन्हा खुर्चीत बसायचं नाही, पर्स-मोबाईल चढण्याआधीच उचलून घ्या.