वर्गशिक्षकांनी मुलांना घातक गेम आणि मोबाईलच्या व्यसनापासून कसं वाचवावं?

२०१७ च्या पावसाळ्यात मुलांना स्वतःला इजा करायला लावतो असं म्हटल्या गेलेल्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन गेमची धास्ती घरोघरी पोहोचली. कितीतरी शाळांनी परिपाठातच त्या गेमचं नाव घेऊन मुलांना ताकीद दिली. पुढे केंद्र सरकारच्या समितीने ज्या घटना तपासल्या, त्यांपैकी एकीतही या गेमचा हात सिद्ध झाला नाही. पण नाव कानावर पडलं की तेरा-चौदा वर्षांचं मूल ते शोधणारच. म्हणून पहिलं पथ्य हे पाळा: व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कुठल्याही 'चॅलेंज'चं नाव भर वर्गात घेऊ नका. मुलांना खूण सांगा. "जो अनोळखी माणूस 'घरी सांगू नकोस' म्हणतो, तुझा फोटो मागतो किंवा स्वतःला इजा करायला सांगतो, त्याला तिथंच ब्लॉक कर आणि मला येऊन सांग. मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य मनापासून म्हणा आणि पाळा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

गेम आतून समजून घ्या

शिक्षकांनी गेम खेळायला शिकावं असं नाही, पण वर्गातल्या एखाद्या मुलाला "मला दाखव बरं, हे चालतं कसं" असं जरूर विचारावं. फ्री फायर किंवा बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) अशा मोबाईलवरच्या लढाईच्या गेमचा सामना मध्येच थांबवता येत नाही. स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या संघात, चार जण असतात. एक उठला तर बाकीचे अडचणीत येतात, रँक घसरते, शिव्या बसतात. आईने "जेवायला ये" म्हटल्यावर मुलगा ओरडतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. ही गोष्ट पालकांना समजावून सांगितली तर घरातली निम्मी भांडणं मिटतील. "अर्धा तास खेळ" याऐवजी "दोन सामने, मग फोन जागेवर" हा नियम मुलाला पाळता येतो.

रोज लॉगिन केल्याचं बक्षीस, हंगाम संपायच्या आत मिळवायची स्किन (पात्राचा किंवा शस्त्राचा नवा पेहराव), डायमंड किंवा यूसी हे गेममधलं चलन विकत घेण्याचा मोह, या सगळ्याची रचनाच मुलाला परत परत ओढून आणण्यासाठी केलेली असते. नववीतल्या मुलाकडून एकट्याने त्याला तोंड देण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. बंदीवरही फार भिस्त ठेवू नका. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, २०२१ मध्ये बीजीएमआय आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तेव्हा मुलं फ्री फायर मॅक्स खेळू लागली.

हजेरीपट आणि चेहरा वाचा

खूप खेळणारं प्रत्येक मूल व्यसनी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची गेमिंगविषयक आजाराची व्याख्या जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात तीन गोष्टी आहेत: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. निदान डॉक्टर करतील, पण बदल आधी वर्गशिक्षकालाच दिसतो. पहिल्या तासाला डोळे मिटतात, सोमवारी दांडी पडते, कबड्डीच्या संघातला मुलगा मैदानावर यायचा बंद होतो, मित्रांकडे उधारी वाढते. असं दोन-तीन आठवडे दिसलं तर तारखेसह वहीत टिपून ठेवा. पालकांशी किंवा समुपदेशकाशी बोलताना "तो हल्ली बिघडलाय" यापेक्षा ही टिपणं फार उपयोगी पडतात.

एकट्याशी बोला

सगळ्यांसमोर "काय रे, रात्रभर पबजी का?" म्हटलं की वर्ग हसतो आणि ते मूल कायमचं मिटून जातं. मधल्या सुट्टीत बाजूला घ्या. सुरुवात अशी करता येईल: "तुझ्या स्क्वॉडमध्ये कोण कोण असतं रे? सगळे आपल्या गावचेच का?" याच्या उत्तरात अनोळखी मोठी माणसं आहेत का ते कळतं. मग विचारा, "कधी नको वाटलं तरी खेळावं लागतं का?" आणि गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो. घरी मारहाण, आई-वडिलांचं भांडण, गणितात सतत नापास होण्याची लाज, असं काहीतरी बऱ्याचदा खाली दडलेलं असतं. ते न बघता नुसता फोन काढून घेतला तर मूल दुसरी पळवाट शोधतं.

शाळेचंही घर झाडा

इथे मी स्पष्टच लिहितो. गृहपाठ रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि पालकसभेत मोबाईलच्या नावाने बोटं मोडायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. गृहपाठ फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. खेळाचा तास इंग्रजी-गणिताला देऊ नका. मैदानावर जिंकण्या-हरण्याचा थरार मिळाला तर पडद्यावरच्या थराराला निदान तुल्यबळ स्पर्धक तरी मिळतो.

पालकसभेत उपदेशापेक्षा नेमकी कामं सांगा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. यूपीआयचा पिन मुलांना माहीत नसावा. मोठ्यांनीही जेवताना फोन बाजूला ठेवावा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद राहतात. तिथे नियम मोठ्यांनाही लागू होता, म्हणून तो रुजला. आपल्या वस्तीत, सोसायटीत एक तासाने सुरुवात करता येईल.

धोका दिसला तर त्याच दिवशी हालचाल करा

मूल "मला जगायचं नाही" म्हणालं, हातावर जखमा दिसल्या, तर त्याला एकटं सोडू नका. "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मूल मोकळं होतं. पालकांना बोलावून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर चॅट पुसू देऊ नका, पैसे देऊ देऊ नका. आक्षेपार्ह फोटो मात्र स्वतःच्या फोनवर घेऊ नका, फोन आहे तसा पोलिसांकडे न्या. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवणं हा गुन्हा ठरतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे, त्यात शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. हे मुलाला सांगा, म्हणजे भीतीपोटी तो गप्प बसणार नाही.

ताबा पूर्ण सुटलेला असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पाठवा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात मोबाईलच्या व्यसनावर मदत मिळते, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत त्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे.

उपचारानंतर मूल वर्गात परतलं की त्याला पुढच्या बाकावर 'उदाहरण' म्हणून बसवू नका. बुडालेला अभ्यास थोडा थोडा द्या, मैदानावर एखादी जबाबदारी द्या, आठवड्याला पाच मिनिटं बोला. उन्हाळी सुट्टी लागली की दिवस मोकळा होतो आणि जुना स्क्वॉड पुन्हा हाक मारतो. त्या सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरी एक फोन करा आणि पालकांशी बोलून झाल्यावर फोन मुलाच्या हातात द्यायला सांगा.