तोरणमाळला कोणत्या ऋतूत जावे आणि रात्र कशी घालवावी

सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ हे खानदेशाचे हक्काचे थंड हवेचे ठिकाण आहे. तरीही धुळे-जळगावकडची बरीच मंडळी सकाळी निघून संध्याकाळी परत फिरतात आणि यशवंत तलाव, सीताखाई व खडकी पॉइंट पाहिले की तोरणमाळ पाहून झाले असे मानतात. माझ्या मते येथील निम्मा आनंद दिवेलागणीनंतरचा आहे. म्हणून सहल आखताना आधी रात्र ठरवावी, मग दिवस, आणि शक्य असेल तर दोन रात्री मुक्काम करावा.

रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबारला उतरून शहाद्याला यावे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने तोरणमाळ ५० ते ५५ किलोमीटर आहे. शेवटचा टप्पा सातपायरी घाटाचा असून त्याची वळणे एकावर एक रचल्यासारखी असल्यामुळे, वाहन कितीही चांगले असले तरी सूर्यास्तापूर्वीच वर पोहोचावे. पेट्रोल, रोख पैसे आणि नेहमीची औषधे शहाद्यातच घेऊन ठेवावीत, कारण वर दुकाने थोडी आहेत आणि मोबाइलच्या रेंजवर विसंबून राहता येत नाही. मुक्कामाची खोली निघण्यापूर्वीच नक्की करावी व रात्रीच्या जेवणाची वेळही तेव्हाच विचारून घ्यावी.

पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, धुके तलावावर उतरते आणि सीताखाईच्या खोल दरीत पाणी कोसळू लागते. दरीच्या कडेचा दगड शेवाळलेला असतो, त्यामुळे छायाचित्रासाठी कडेवर जाण्याचा मोह टाळावा, आणि संततधार लागली असेल तर घाटात दरड कोसळलेली नाही ना, याची चौकशी करूनच निघावे. पाऊस ओसरला की सीताफळांचा हंगाम येतो. तलावाकाठी निवांत फिरण्यासाठी, गोरखनाथांचे मंदिर व मच्छिंद्रनाथांची गुहा पायी पाहण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असतो. नौकाविहाराची सोय त्या दिवशी सुरू आहे का, हे तेथेच विचारावे. सुरू असली तरी जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत बसू नये, आणि पोहण्यासाठी तलावात मुळीच उतरू नये. एप्रिल-मेमध्ये खाली तापीकाठ भाजून निघत असताना वरची सकाळ आणि संध्याकाळ सुखाची असते. मात्र दुपारचे ऊन येथेही कडकच लागते.

आता रात्रीविषयी. हॉटेलांची झगमग किंवा डीजेचा दणदणाट येथे शोधू नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर कायद्यानेच बंदी आहे, आणि जंगलालगतच्या पाड्यांमध्ये ती मनापासून पाळली जावी असे मला वाटते. येथील रात्रीचे पहिले वैभव आकाश आहे. त्यासाठी पंचांग उघडून अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. मार्गशीर्ष-पौषात रात्री नऊनंतर कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध एका ओळीत चढत जाताना दिसतात. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव भरात असतो आणि त्या वर्षी चंद्र नसेल तर तो अवश्य पाहावा. आकाशगंगेचा दाट पट्टा वृश्चिक-धनूच्या बाजूला पाहायचा असेल, तर मे महिन्यात मध्यरात्रीनंतर जागावे. डोळे अंधाराला सरावण्यास किमान वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा आणि बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावावा. हिवाळ्यात पारा झपाट्याने उतरतो, तेव्हा खानदेशातील नेहमीच्या स्वेटरवर भागत नाही. कानटोपी, मोजे आणि जाड घोंगडी हवीच. शेकोटी मुक्कामाच्या आवारात, परवानगीनेच पेटवावी, आणि वाळलेल्या गवतामुळे उन्हाळ्यात तर ती टाळावीच.

दुसरे वैभव माणसांचे आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेसाठी महाराष्ट्रासह मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविक येतात. ती रात्र कृष्ण चतुर्दशीची, म्हणजे जवळजवळ अंधारी असते. त्या गर्दीत वाहन लांब उभे करून पायी चालण्याची तयारी ठेवावी. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे सणाच्या खरेदीचे आदिवासी बाजार, भरतात आणि पौर्णिमेला गावोगावी ढोल रात्रभर वाजतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले बुध्या, म्हणजे होळीचे व्रत धरलेले नर्तक, पाहायचे असतील, तर तोरणमाळहून धावपळ न करता त्या रात्रीसाठी काठीचा वेगळा बेत आखावा. भिल्ल आणि पावरा समाजासाठी होळी हा व्रताचा, नवसाचा सण आहे. त्यामुळे विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये, रिंगणात कुणी बोलावल्यावरच शिरावे आणि करमणुकीपुरती मोहाच्या फुलांची दारू मागत हिंडू नये, कारण मोहाला येथे पूजेतही स्थान आहे.

सण नसलेल्या रात्री जेवण हाच मोठा कार्यक्रम असतो. ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा असा बेत दुपारीच सांगून ठेवावा, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना सामान जुळवता येते आणि ताटात ताजे येते.

परतताना धुके निवळल्यावरच घाट उतरावा. धडगाव भागातील आमचूर घ्यायचा असेल, तर तो स्थानिक विक्रेत्यांकडून घासाघीस न करता घ्यावा. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सुमारास आला असाल, तर शहाद्याहून पुढे तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांच्या यात्रेसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.