ऑनियन रिंग्स मऊ पडतात, कव्हर सुटतं? या चुका टाळा

गोव्यात पावसाळ्यात काहीही कुरकुरीत ठेवणं कठीणच. चिवड्याचा डबा थोडा वेळ उघडा राहिला तरी संपलं, आणि आपण तर कांदा तळायला घेतोय, ज्याच्यात जवळजवळ 89 टक्के पाणी असतं. ऑनियन रिंग्समध्ये जे जे बिघडतं, म्हणजे कव्हर गळून पडणं, तेल पिणं, ताटात आल्या आल्या मऊ होणं, त्यातलं बहुतेक या पाण्यामुळेच बिघडतं. म्हणून मैद्याचं माप बदलत बसण्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा.

आणि आपली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपल्याला सवय कांदाभजीची. भजीला आपण कांदा पातळ चिरतो, मीठ चोळून ठेवतो, त्याला पाणी सुटलं की त्यातच बेसन कालवतो आणि भजी मस्त होतात. रिंग्सला यातलं एकही चालत नाही. मीठ लावलेला कांदा पीठ कालवेपर्यंत ओला होतो आणि त्याच्यावर काहीच धरत नाही, कांद्याला मीठ लावायचंच नाही, थोडं पिठात घाला आणि बाकीचं तळून काढल्या काढल्या वरून भुरभुरा, गरम असतानाच, नंतर ते चिकटत नाही.

कांदा कुठला घेताय?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळेने मिळणारे गावठी कांदे बघून मोह होतो, पण ते रिंग्ससाठी नकोत. लहान असतात, रिंग जेमतेम अंगठीएवढी होते आणि पापुद्रे पातळ. त्यांची जागा किसमूरात (सुक्या मासळीची कोशिंबीर) किंवा हुमणात (माशाचं कालवण), तिथे त्यांच्यासारखी चव दुसऱ्या कांद्याला नाही. रिंग्सला घाटावरून येणारा मोठा, दाबून घट्ट लागणारा, वरची साल कोरडी वाजणारी असा कांदा घ्या. कोंब आलेला तर अजिबात नको, त्याच्या आतल्या पाकळ्या ढिल्या पडलेल्या असतात. दिवाळीच्या आसपास येणारा नवा लाल कांदा उन्हाळी कांद्यापेक्षा ओला असतो, तोच मिळाला तर पुसायला जास्त वेळ द्या एवढंच.

जाडी साधारण 1 सेंटीमीटर. पातळ कापल्या तर कांदा आत विरघळून जातो आणि हातात नुसतं कव्हर येतं, फार जाड कापल्या तर कव्हर लाल होईपर्यंत कांदा कच्चाच.

कव्हर सुटतं त्याचं खरं कारण

इथे जरा थांबा, कारण हे कोणी सांगतच नाही. रिंग वेगळी केली की तिच्या आतल्या बाजूला नख लावून बघा, एक पारदर्शक, निसरडा, एकदम पातळ पापुद्रा सुटून येतो. तो तसाच ठेवला तर पीठ कांद्याला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटतं, आणि पहिला घास घेतला की कांदा सापासारखा सरकन बाहेर येतो आणि हातात पोकळ कव्हर राहतं. रिंग्स बर्फाच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवल्या तर हा पापुद्रा काढायला सोपा जातो आणि कांद्याचा उग्रपणाही कमी होतो. किचकट काम आहे, खरं आहे, पण मी सांगते, एवढं एक केलंत तर अर्धं काम झालं.

पण मग पाण्यातून काढून थेट पिठात बुडवायच्या नाहीत हां. सुती पंचावर पसरा, वरून दुसऱ्या कपड्याने दाबून पुसा, पंख्याखाली ठेवा. जून-जुलैत आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की नुसतं ठेवून काही सुकत नाही, पुसायलाच लागतं. त्यानंतर कोरड्या मैद्यात घोळवून झटका, हा कोरडा थर राहिलेलं पाणी धरून ठेवतो आणि बॅटरला पकड देतो.

बॅटर

1 वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, तिखट. मैद्यात ग्लुटेन असतं, ते जेवढं घोटाल तेवढं चिवट होतं, म्हणून बॅटर फेटत बसू नका, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. आणि पाणी फ्रीजमधलं गार, त्यापेक्षा बाटलीतला गार सोडा वॉटर बेस्ट, त्यातले बुडबुडे कव्हर हलकं करतात, बिअरही त्याच कामाची. सोडा शेवटी घालायचा, तेल तापल्यावर, आधी घालून ठेवला तर गॅस निघून जातो आणि नुसतं पाणी उरतं. खायचा सोडा मात्र चमचाभर टाकू नका, रंग लवकर काळपट येतो आणि साबणासारखी चव लागते.

दाटपणा कसा ओळखायचा? चमचा बुडवून उलटा करा आणि मागच्या बाजूला बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर बरोबर, लगेच भरून आली तर पातळ आहे, आणि बॅटर गोळा होऊन पडत असेल तर जाड, मग कव्हर बाहेरून लाल आणि आत पिठूळ होणार.

बरेच जण मासे तळायच्या सवयीने यालाही रवा लावतात. बॅटरवर रवा नीट बसत नाही, गळतो, तळाशी जाऊन जळतो आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके लागतात. त्यापेक्षा पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, आदल्या दिवशीचा पाव घ्या, तुकडे करून मंद तव्यावर पूर्ण कोरडे करा आणि मिक्सरला जरा जरा फिरवून जाडसर चुरा करा, पूड नको. बॅटरमधून काढलेली रिंग त्यात ठेवून हलक्या हाताने दाबा. पोईचा, म्हणजे कोंडा घातलेल्या गोव्याच्या पावाचा, चुरा नको, कोंड्यामुळे तो आधीच तांबूस असतो, रिंग तळली गेली की नाही तेच कळत नाही.

तेल

तेल 175 ते 180 अंश सेल्सिअस पाहिजे. थर्मामीटर नसेल तर बॅटरचा थेंब टाका, तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे घेत वर आला तर तयार, तळाशीच बसला तर थांबा, टाकल्या टाकल्या लाल झाला तर गॅस कमी. घाण्याचं खोबरेल यासाठी नको, ते जवळपास याच तापमानाला धूर सोडायला लागतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड घ्या. कढई अर्धीच भरा, ओला कांदा पडला की तेल वर उसळतं.

तेलकट रिंग्स बहुतेक वेळा गर्दीमुळे होतात. पाहुणे बसलेत म्हणून एकदम दहा-बारा टाकल्या की तेल गार पडतं, कांद्यातली वाफ जोरात बाहेर येत नाही आणि तेल आत शिरतं. चार-पाचच टाका, बांबूच्या काडीने अलगद सोडा, दोन-तीन मिनिटं, एकदाच उलटा. दर घाण्यानंतर तेल पुन्हा तापू द्या, जळके कण झाऱ्याने काढा. काल मासे तळलेलं तेल वापरायचा तर विचारही नको, वास तर येतोच, वर रंगही आधीच चढतो.

ताटात मऊ पडतात

एवढं सगळं करून रिंग्स वर्तमानपत्रावर एकावर एक रचल्या, वर झाकण ठेवलं, की खालच्या वाफेने वरच्या मऊ. आणि छापील कागदावर तळलेलं ठेवूच नये, शाई अन्नाला लागते. जाळीवर पसरून ठेवा, जाळी नसेल तर मोठी चाळणी उलटी घाला, हवा खालूनही खेळली पाहिजे. पार्टी असेल तर आधी फिकट तळून ठेवा आणि वाढायच्या वेळी पुन्हा एकदा कडक तेलात मिनिटभर काढा. उरलेल्या गरम करायला मायक्रोवेव्ह नको, एअरफ्रायर किंवा ओव्हनमध्ये पाच मिनिटं, नाहीतर कोरड्या तव्यावर मंद गॅसवर. मधल्या ज्या बारक्या रिंग्स उरतात त्या फेकू नका, उरलेल्या बॅटरमध्ये थोडं बेसन, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून त्याच तेलात सोडा.