घराचे नाव हाती आल्याशिवाय तिकीट काढू नका

माझ्या यजमानांचे पणजोबा पश्चिम फिनलंडच्या पोह्यान्मा भागातून मिशिगनच्या तांब्याच्या खाणींत कामाला आले होते. त्यांचे मूळ घर पाहण्यासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब गेलो आणि ते घर न पाहताच परतलो. पुढील उन्हाळ्यात पुन्हा जायचे आहे, म्हणून ही यादी. पारपत्र, शेंगेन व्हिसा, विमा यांविषयी लिहीत नाही. ते सर्वांना कळते.

सर्वप्रथम घराचे नाव शोधावे. आडनाव नव्हे, घराचे नाव. आमच्याकडे मॅटसन हे आडनाव होते आणि तेवढ्यावर काम भागेल असे आम्ही धरून चाललो. मॅटसन म्हणजे केवळ मत्तीचा मुलगा, आणि मत्ती नावाचे बाप त्या मुलखात घरोघरी. तिथे माणूस ज्या शेतघरात राही, त्या घराचे नाव त्याला लागे आणि घर बदलले की नावही बदले. आपल्याकडे सातारकर पुण्यात चार पिढ्या राहिले तरी सातारकरच राहतात. तिथे मात्र घरजावई सासऱ्याच्या घराचे नाव लावी, त्यामुळे सख्ख्या भावांची नावेही निराळी असत. आडनाव कायद्याने सक्तीचे झाले ते 1921 मध्ये, तोवर आमचे पणजोबा केव्हाच बोटीत बसले होते.

याचा फटका कुठे बसतो ते नीट ध्यानात घ्यावे. लुथेरन चर्चची रिप्पिकिर्या, म्हणजे कुटुंबवार नोंदवही, आडनावांच्या क्रमाने नसते; आधी गाव आणि मग त्या गावातील घर, अशी ती लावलेली असते. घराचे नाव ठाऊक नसल्यामुळे मी तीन दिवस हॉटेलच्या खोलीत संगणकावर तिची पाने उलटत बसले, जी पाने मिशिगनमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरात बसूनही दिसली असती. म्हणून पुन्हा सांगते, घराचे नाव आधी.

ते मिळते कुठे? जुन्या पत्रांवर, छायाचित्रांच्या मागे, अमेरिकेतील फिनिश चर्चच्या दफ्तरात. तुर्कू येथील स्थलांतर संस्थेकडे प्रवाशांच्या याद्या आहेत. पुष्कळ लोक हांको बंदरातून इंग्लंडमधील हल बंदरात व तेथून रेल्वेने लिव्हरपूलला जात, आणि त्यांचे निघतानाचे नाव पुढे अमेरिकेत लावलेल्या नावाहून वेगळे असू शकते. अमेरिकन कागदांवर जन्मस्थान ‘रशिया’ दिसले तर दचकू नये, कारण 1809 ते 1917 फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. ‘वासा’ लिहिले असेल तर ते शहर नसून बहुधा संपूर्ण वासा प्रांत असतो. आम्ही शहरात उतरून एक दिवस घालवला. आणि कुटुंब विपुरीकडचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या कारेलियातले असेल, तर ते गाव आज रशियात आहे, हे तिकिटापूर्वी पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नोंदी स्वीडिश भाषेत असत. यूहो तिथे योहान होतो आणि हेइक्की हेन्रिक. गावांचीही दोन नावे, कोक्कोलाचे गामलाकार्लेबी. दोन्ही रूपे वहीत लिहून न्यावीत. घराचे नाव त्याच वहीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत.

युहान्नुसच्या आठवड्यात जाऊ नये. 20 ते 26 जून यांच्या मधल्या शनिवारी हा सण येतो, आदल्या दिवसापासून कार्यालये बंद असतात आणि लोक उन्हाळी घरांकडे निघून जातात. आम्ही नेमके तेव्हाच पोहोचलो. चर्चच्या कार्यालयाला दोन महिने आधी लिहावे, आणि काय लिहावे? घराचे नाव.

थडगे सापडेलच असे समजू नये. तिथे जागेची मुदत असते आणि ती संपल्यावर तीच जागा दुसऱ्याला देता येते. हेलसिंकीहून सेइनायोकीपर्यंत रेल्वे, पुढे गाडी भाड्याने. डासांचे मलम. भेटीला काहीतरी न्यावे, कॉफीला नाही म्हणू नये.