पॉट्समध्ये घरी घ्यायची काळजी: पाणी, मीठ आणि आडव्याने व्यायाम

अंथरुणातून उठून उभे राहताच छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात आणि पुन्हा आडवे होताच बरे वाटते, असे तीन महिन्यांहून अधिक काळ होत असेल, तर अशक्तपणा म्हणून ते अंगावर काढू नये. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या या विकाराला वैद्यकीय भाषेत पॉट्स (पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम) म्हणतात. तो तरुण स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि अनेकदा विषाणुसंसर्गानंतर, कोविडनंतरही, सुरू होतो.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. निरोगी शरीरात रक्तवाहिन्या लगेच आकुंचन पावून ते वर ढकलतात. पॉट्समध्ये हे आकुंचन अपुरे पडते किंवा मुळात रक्ताचे आकारमानच कमी असते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय ठोके वाढवते. घरगुती उपायांचा सारा रोख म्हणूनच रक्ताचे आकारमान वाढवण्यावर आणि पायांत साचणारे रक्त वर आणण्यावर असावा.

आधी नोंद करावी. दहा मिनिटे शांत पडून नाडी व रक्तदाब मोजावा, मग सोबत कोणी असताना उभे राहून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजावे. रक्तदाब फारसा न उतरता नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी, आणि १२ ते १९ या वयात ४० ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय आणि थायरॉइड यांचीही हीच लक्षणे असल्याने त्यांच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात.

दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी पोटात जावे. सकाळी तांब्याभर पाणी उशाशी ठेवून अंथरुणातच सुमारे अर्धा लिटर प्यावे, थोडा वेळ बसावे आणि मगच उभे राहावे. एरवी सकाळी उठवत नाही अशा अनेकांना यामुळे उठणे जमू लागते. मिठाचा सल्ला मात्र सर्वांसाठी नाही. पॉट्सच्या रुग्णांना दिवसाला १० ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे दोन सपाट चहाचे चमचे मीठ घ्यायला सांगितले जाते, परंतु उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना तेच घातक ठरू शकते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास खारट ताक, मीठ घातलेली भाताची पेज आणि लिंबू सरबत यांतून ते सहज पोटात जाते. निर्जळी उपवास या विकारात टाळावाच, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे कारण स्पष्ट सांगावे.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे व्यायाम, पण तो आडव्याने किंवा बसून सुरू केलेला. उभ्याने चालायला लागून कोसळलेला रुग्ण पुढे महिनोन्‌महिने अंथरूण धरतो आणि त्यामुळे विकार आणखी बळावतो. पाठीवर पडून पाय उचलणे, पोटऱ्या व मांड्यांचे स्नायू बळकट करणे, पाठ टेकून चालवायची स्थिर सायकल आणि सोय असल्यास पोहणे, असा क्रम ठेवून काही महिन्यांत हळूहळू उभ्याने चालण्याकडे यावे. सुरुवातीचे काही आठवडे थकवा वाढल्यासारखा वाटतो. मात्र प्रत्येक व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवतच नसेल, तर वेग कमी करून डॉक्टरांशी बोलावे.

रांगेत उभे राहावे लागल्यास पायांची कैची करून मांड्या व नितंब घट्ट आवळावेत. अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली बसावे. पायमोजे घोट्यापुरते नकोत, पोटापर्यंत येणारे आणि घट्ट दाबाचे हवेत. अंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून करावी, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. एकदम भरपेट जेवल्यास रक्त पोटाकडे वळते, म्हणून थोडे थोडे खावे.

प्राणायामात मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास उपयोगी पडतात. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र टाळावी, कारण जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर वाढते. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवते म्हणून कोणी सुचवले, तरी ते मनाने घेऊ नये. त्याने शरीरातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. छातीत दुखणे, व्यायाम करताना शुद्ध हरपणे किंवा पडून असतानाही ठोके अनियमित होणे, यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे.