रायफल घेऊन लोकलने रेंजवर कसं जायचं (आणि गिटारची बॅग का वापरायची नाही)

डोंबिवली ते वरळीची शूटिंग रेंज, आठवड्यातून तीन-चार वेळा, आधी एअर रायफल आणि नंतर पॉइंट टू-टू (.२२ बोअरची, काडतुसांची रायफल), असं कितीतरी वर्षं केलंय मी. त्यामुळे नवीन पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाबा जेव्हा विचारतात की "ताई, रायफल शहरातून नेता कशी, कोणी अडवत नाही?" तेव्हा उत्तर एकच, अडवतात, अडवायलाच पाहिजे, आपण तयारीत असायचं.

ही माहिती स्पर्धेच्या रायफलवाल्यांसाठी आहे. ज्यांना घरी शोभेला ठेवलेली बंदूक मित्रांना दाखवायला न्यायचीय त्यांनी घरीच बसा.

आधी कागद. दहा मीटरच्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, बोअर (नळीचा आतला व्यास) .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटर आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली की झालं, आपल्या मॅचच्या रायफली तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असतात. पण हे तुम्हाला माहीत आहे, नाक्यावरच्या हवालदाराला लांबून फक्त नळी दिसते. म्हणून खरेदीचं बिल (त्यावर बोअर आणि सीरियल नंबर असलेलं), रायफल असोसिएशनचं शूटर आयडी, जिल्ह्याच्या किंवा क्लबच्या मेंबरशिपचं कार्ड आणि मॅच असेल तर एन्ट्रीची प्रिंट. पॉइंट टू-टू असेल तर मूळ लायसन्स, झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो तर अजिबात नाही. कायद्यानं पोलीस लायसन्स मागू शकतात आणि तेव्हा ते दाखवावं लागतं. लायसन्स कुठल्या हद्दीपुरतं आहे तेही एकदा नीट वाचा, महाराष्ट्रापुरतं असेल तर दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजला जाताना ते चालणार नाही, पण लोक हे ट्रेनचं रिझर्वेशन झाल्यावर वाचतात.

रायफल रिकामी करा. टू-टूचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा, सुटा होणारा भाग) काढून वेगळ्या कप्प्यात, काडतुसं वेगळ्या डब्यात वेगळ्या बॅगेत, नळीतून आरपार केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण. हे सांगायलाही नको.

आता मुद्द्याचं.

मी नवीन होते तेव्हा क्लबमधल्या एका सीनियर दादानं सांगितलं, "गिटारच्या बॅगेत टाक, कोणाला कळत पण नाही." मला वाटलं काय भारी आयडिया. पाठीवर गिटार, लेडीज डब्यात बायका विचारायच्या वाजवून दाखव ना, मी हसून सोडून द्यायचे. दीड-दोन महिने बिनबोभाट चाललं. मग एका स्टेशनच्या दारात बॅगांचं चेकिंग चालू होतं, मॅच होती, उशीर झालेला, बॅग मशीनमधून गेली आणि स्क्रीनवर जे दिसायचं ते दिसलं. साहेबांनी विचारलं यात काय आहे, आणि मी, आजही आठवलं की कानशिलं गरम होतात, घाईघाईत म्हणाले, "गिटार आहे."

पुढचे दोन तास काय झालं ते सांगत बसत नाही. थोडक्यात, मीच "दाखवते ना" म्हणून तिथेच जमिनीवर बॅगेची चेन उघडली, भोवती गर्दी, कोणीतरी "बंदूक आहे!" म्हणून ओरडलं, चार मोबाइल वर, एक आजी मुलाचा हात धरून पळाली. २००८ च्या २६/११ ला सीएसटीवर काय झालं ते बघितलेलं हे शहर आहे, लोकांना हसू नका. कागद घरी होते, बाबा डोंबिवलीहून घेऊन आले, मॅच गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या पोलिसांचं काही चुकलं नव्हतं. माझी रायफल कायदेशीर होती पण माझं वागणं चोरासारखं होतं. आर्म्स ॲक्टमध्ये कलमच आहे की संशयास्पद परिस्थितीत शस्त्र घेऊन जाणाऱ्याला वॉरंटशिवाय ताब्यात घेता येतं. लायसन्स असूनही. गिटारच्या बॅगेतली रायफल आणि वर खोटं उत्तर, याहून संशयास्पद काय असणार?

तेव्हापासून माझा नियम, झाकायची पण लपवायची नाही. गर्दीला दिसू नये म्हणून झाकायची, पोलिसांपासून लपवायला नाही. गिटार, क्रिकेटचं किट, सतार, योगा मॅट, चादरीत गुंडाळणं, यातलं काहीही सुचवणाऱ्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका.

रायफलची केस, म्हणजे पेटी, कशी हवी? साधी. काळी किंवा राखाडी, कडक, कुलूप लागणारी, आत फोम. कंपनीचं मोठं नाव, टार्गेटचं चित्र, "शूटर" लिहिलेले स्टिकर, हे सगळं खरवडून काढा. पोरांना हौस असते, मलाही होती, पण ते स्टिकर म्हणजे गर्दीला आमंत्रण आणि चोराला पत्ता. आतल्या बाजूला मात्र तुमचं नाव, फोन आणि क्लबचं नाव चिकटवा. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, उघडणाऱ्याला लगेच सगळं कळतं. कागदांची फाइल केसमध्ये ठेवू नका!! ही चूक दहापैकी आठ जण करतात. फाइल खांद्यावरच्या पिशवीत, केस न उघडता हातात येईल अशी. म्हणजे साहेबांना आधी कागद दिसतात आणि मग रायफल, उलट झालं की तुम्ही स्पष्टीकरण देत बसता.

आता अडवलं की काय करायचं, जे मला शिकायला एक मॅच घालवावी लागली. थांबा, केस खाली ठेवा, हात केसवरून काढा. विचारलं की सरळ सांगा, "साहेब, स्पर्धेची रायफल आहे, रिकामी आहे, हे कागद." एवढंच. टार्गेट, मेडल, कोच, खालच्या मजल्यावरचे काका पोलिसात आहेत, काही नको. रायफल हा शब्द हळू आवाजात पण स्पष्ट बोला, "स्पोर्ट्सचं सामान" वगैरे पोलिसांना सांगू नका, ते डब्यातल्या बायकांसाठी ठीक आहे आणि ते खोटंही नाही. उघडून दाखवा म्हटलं तर हो म्हणा, पण तिथे नाही, "साहेब, चौकीत उघडूया का, इथे लोक घाबरतील." आजवर एकदाही कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट त्यांनाही तेच बरं वाटतं. आत गेल्यावर नळीचं तोंड भिंतीकडे येईल अशी केस ठेवा, झाकण उघडा आणि मागे व्हा. रायफल तुम्ही उचलायची नाही, त्यांनी सांगितलं तर आधी केशरी फ्लॅग दाखवा, मग उचला. तो फ्लॅग रेंजवर नियम म्हणून असतो पण चौकीत त्याच्यासारखा साक्षीदार नाही, नळीत आरपार काहीतरी आहे म्हणजे गोळी नाही हे न शिकवता कळतं. आणि घाई दाखवू नका. मॅचच्या दिवशी मी आता तास-दीड तास जास्तीचा धरते, अडवलं नाही तर वरळीला चहा पिते.

हल्ली बरेच जण स्वतःच विचारतात, "स्वप्नील कुसाळेवाली का?" २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकचं मेडल आल्यापासून ५० मीटर रायफल म्हणजे काय ते निदान कोल्हापूरच्या नावानं तरी लोकांना माहीत झालंय. आमच्या वेळी अंजली भागवतचं नाव सांगावं लागायचं.

लोकलमध्ये गर्दीची वेळ टाळा, केस उभी धरा, रॅकवर टाकू नका, तिथून नजर हटते. मेट्रोचा विचार सोडा. रिक्षात तिरकी बसते. कॅबमध्ये डिकीत, आणि उतरताना ड्रायव्हरला आधी पैसे देऊ नका, आधी केस बाहेर काढा मग पेमेंट, का ते विचारू नका. स्वतःची गाडी असेल तर डिकीत टाका पण गाडी सोडून मिसळ खायला जाऊ नका. चोरीला गेली तर एफआयआर, लायसन्स, सगळं तुमच्या मानेवर, शिवाय एअर रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बारच्या दाबाला भरलेला असतो, मे महिन्यात बंद गाडीत त्याला तापवणं म्हणजे मूर्खपणा. सिलिंडरवरची तारीख बघत जा हं, दहा वर्षं झाली की आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) मॅचला तो चालत नाही. वाटेत मॉल, देऊळ, लग्न, कुठेही नाही, घर ते रेंज आणि रेंज ते घर. मित्राला "जरा माझी टू-टू घेऊन ये ना" असंही नाही, लायसन्स तुमच्या नावावर आहे, तुमच्याशिवाय ती त्याच्या हातात रस्त्यावर सापडली तर दोघेही अडकता.

अजून एक, सणासुदीला आणि निवडणुकीला वेगळा हिशोब असतो. पोलीस कायद्याच्या ३७ कलमाखाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, गणपती, मोर्चे, असं काही असलं की. ते पेपरात येतात पण वाचतं कोण. आचारसंहिता लागली की लायसन्सची शस्त्रं जमा करायला सांगतात, खेळाडूंना सूट मिळू शकते पण ती आपोआप नाही, आपल्या पोलीस ठाण्यात अर्ज करून लेखी घ्या आणि ते पत्र फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. तोंडी "हो हो, तुम्ही खेळाडू आहात ना, न्या" यावर विसंबून बाहेर पडू नका, नाक्यावरचा माणूस तो नसतो.

घरी आलं की बोल्ट एका कपाटात, रायफल दुसऱ्या. पावसाळ्यात केस कोरडी दिसली तरी रात्रभर उघडी ठेवा, फोम आतून ओला असतो, माझ्या पहिल्या रायफलच्या बटप्लेटचे (खांद्याला टेकतो त्या भागाचे) स्क्रू एका जुलैत असे गंजले की शेवटी ड्रिलनं काढावे लागले.